पोत टाकला की चित्र मळतं: स्कॅन केलेला कागद आणि डिजिटल रेघ जुळवताना

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. कागदावर गेरूचा, चारकोलचा किंवा जलरंगाचा सुंदर पोत तयार केला, स्कॅन केला, टॅबवर काढलेल्या स्केचच्या वर लेअर म्हणून ठेवला आणि मोड 'मल्टिप्लाय' केला. चित्र मळलं. मग ओपॅसिटी, म्हणजे लेअरची अपारदर्शकता, उतरवत उतरवत २० टक्क्यांवर आणायची. तिथे मळ कमी दिसतो, पण पोतही गेलेला असतो. शेवटी 'असू दे, बरं दिसतंय' म्हणून फाइल पाठवायची आणि पुढच्या चित्राला पुन्हा हेच रामायण.

मी दोन वर्षं हेच करत होते. एका दिवाळी अंकासाठी कथाचित्रं केली, गेरूने सारवलेल्या भिंतीचा पोत आणि त्यावर शाईसारखी डिजिटल रेघ. स्क्रीनवर मला आवडली होती. अंक हातात आला तेव्हा कथेतल्या आजीच्या चेहऱ्यावर वांग उठल्यासारखे डाग होते, आणि रेघ मात्र त्या सगळ्यावर तेलासारखी तरंगत होती. छापखान्याची चूक नव्हती. फाइलच तशी गेली होती.

आधी एक चाचणी करा. नवा लेअर घ्या, शुद्ध पांढऱ्याने भरा, त्यावर तुमचा पोत मल्टिप्लायमध्ये ठेवा आणि आयड्रॉपरने, म्हणजे रंग टिपणाऱ्या साधनाने, चारी कोपऱ्यांतले रंगाचे आकडे वाचा. काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे २५५. तिथे २२५ दिसतंय का? एका कोपऱ्यात २२५ आणि समोरच्या कोपऱ्यात १९० दिसतंय का? मग मळ कुठून आला हे शोधायची गरजच उरली नाही.

मल्टिप्लाय म्हणजे सरळ गुणाकार. खालच्या रंगाचा आकडा गुणिले वरचा आकडा, भागिले २५५. तुमच्या आभाळाचा एखादा रंग २०० असेल आणि कागद २२५, तर उत्तर येतं १७६. म्हणजे कागदाचा एकही दाणा दिसायच्या आत आख्खं आभाळ काळवंडलं. हौसेने दोन पोत एकावर एक टाकले, तर कोरा पांढरासुद्धा १९८ वर येतो. आपल्या डोळ्यांना कागद पांढरा 'वाटतो', कारण डोळा सवयीने पांढरा धरून चालतो. स्कॅनर असं काही धरत नाही. हातकागद तर मुळातच पिवळसर असतो, त्यामुळे निळा चॅनल आणखी खाली बसतो आणि चित्रावर चहा सांडल्यासारखी छटा येते.

घोळ असा आहे की स्कॅनमध्ये तीन गोष्टी एकमेकींत मिसळून येतात: उजेड, रंग आणि दाणा. आपल्याला हवा असतो फक्त दाणा. उजेड आणि रंग चित्रात आधीच आहेत, ते आपण स्वतः ठरवलेले आहेत. पोताने ते पुन्हा आणायचं कारण नाही. ओपॅसिटी कमी केली की तिन्ही गोष्टी एकदम कमी होतात, म्हणून त्या वाटेने प्रश्न कधीच सुटत नाही.

दाणा वेगळा काढणं

फोटोशॉप, गिंप, क्रिटा यांत 'हाय पास' हा फिल्टर आहे, तो हेच काम करतो. पण तुमच्या अ‍ॅपमध्ये तो नसला तरी अडत नाही. हाताने करून पाहिलं तर आत काय चाललंय तेही कळतं, म्हणून निदान एकदा असं कराच:

१. पोताचा लेअर कृष्णधवल करा. रंग इथेच गेला.
२. त्याची प्रत वर ठेवा आणि ती उलटी करा, म्हणजे 'इन्व्हर्ट'.
३. त्या वरच्या प्रतीला भरपूर गॉशियन ब्लर द्या, म्हणजे ती धूसर करा.
४. वरच्या प्रतीची ओपॅसिटी ५०, मोड 'नॉर्मल'. दोन्ही लेअर एकत्र करा.

सगळं चित्र मध्यम करडं दिसेल आणि त्यात फक्त दाणा उरलेला असेल. कसा ते आकड्यांत बघा. उजेडाकडच्या भागात आजूबाजूची सरासरी १९० आहे आणि एक दाणा २०० चा. ब्लर केलेली उलटी प्रत तिथे ६५ देते. २०० आणि ६५ यांची सरासरी १३२.५. आता अंधाऱ्या कोपऱ्यात या. तिथे सरासरी १४० आणि दाणा १५० चा. उलटी प्रत ११५ देते. १५० आणि ११५ यांची सरासरी पुन्हा १३२.५. उजेडातला दाणा आणि अंधारातला दाणा एका पातळीवर आले. खिडकी डावीकडे होती की उजवीकडे, हे चित्राला आता कळणारच नाही. या खटाटोपात कॉन्ट्रास्ट निम्मा होतो, तो नंतर लेव्हल्सने, म्हणजे गडद-उजळाचे काटे सरकवून, हवा तितका ताणून घ्या.

ब्लर किती द्यायचा यावर बरंच काही ठरतं. ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) एक सेंटिमीटर म्हणजे ११८ पिक्सेल. साध्या रफ कागदाचा दाणा अर्धा ते एक मिलिमीटरचा, म्हणजे ६ ते १२ पिक्सेल. त्याला ६०-७० ची त्रिज्या पुरते. पण सारवणाचा पोत असेल आणि त्यातले हाताचे फराटे तुम्हाला हवे असतील, तर ते दोन-तीन सेंटिमीटर रुंद असतात, म्हणजे साधारण २४० ते ३५० पिक्सेल. तिथे ६० ची त्रिज्या दिली तर फराटे 'उजेड' समजून पुसले जातात आणि हाती नुसती वाळू उरते. सारवणाला मी ४०० च्या वर जाते, आणि म्हणूनच सारवणाचा फोटो ढगाळ दिवशी, सारख्या उजेडात काढावा लागतो. एवढ्या मोठ्या ब्लरला उजेडातला फरक नीट उचलता येत नाही.

काही जण ब्लर केलेल्या प्रतीसाठी 'डिव्हाइड' मोड सुचवतात. चालतो, पण त्यात सरासरी नेमकी पांढऱ्यावर जाऊन बसते आणि सरासरीपेक्षा उजळ असलेले सगळे दाणे छाटले जातात. अर्धा पोत गेला, हे लक्षातही येत नाही. वापरायचाच असेल तर ब्लर केलेली प्रत आधी थोडी उजळ करून घ्या.

हा करडा लेअर आता मल्टिप्लायमध्ये नाही, 'ओव्हरले' किंवा 'सॉफ्ट लाइट'मध्ये ठेवायचा. या दोन्ही मोडना मध्यम करडा दिसतच नाही. दाणा उजळ असेल तिथे खालचा रंग उजळतो, गडद असेल तिथे गडद होतो, आणि एकूण चित्र जिथल्या तिथे राहतं. आजीच्या चेहऱ्यावरचे वांग इथेच गेले.

पण रेघ अजून तरंगते आहे

बरेच जण इथपर्यंत येऊन थांबतात आणि म्हणतात, मळ गेला पण रेघ चिकटवल्यासारखी दिसते. कारण ओव्हरले शुद्ध काळ्यावर आणि शुद्ध पांढऱ्यावर काहीच करत नाही. तुमची रेघ ० ची काळी आणि पान २५५ चं पांढरं असेल तर पोत कितीही वाढवा, रेघेत तो उतरणार नाही. निम्मा उपाय सोपा आहे: रेघ ३०-३५ च्या आसपास ठेवा आणि पान २४० च्या. काळी शाई कागदावर वाळली की तीही पूर्ण काळी नसते.

उरलेला निम्मा उपाय मला बराच उशिरा सापडला, आणि तो मोडमध्ये नाही, कागदात आहे.

खऱ्या कागदावर पोत चित्राच्या 'वर' नसतोच. कागदाला उंचवटे आणि खळगे असतात आणि माध्यम त्यांच्याशी आपापल्या परीने वागतं. चारकोल, खडू, कोरडा कुंचला उंचवट्यांना घासून जातात आणि खळगे पांढरे सोडतात. जलरंगाचा किंवा गेरूचा पातळ वॉश याच्या अगदी उलट: पाणी खळग्यात साचतं, रंगाचे कण तळाशी बसतात आणि उंचवटे फिके राहतात. म्हणजे एकाच कागदावर कोरड्या रेघेचा पोत आणि ओल्या रंगाचा पोत एकमेकांचे निगेटिव्ह असतात. आपण काय करतो? एकच पोत दोन्हींवर एकाच दिशेने लावतो. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण डोळा खटकतो. 'हे कॉम्प्युटरवर केलंय ना?' असं विचारतात ते याच खटकण्यामुळे.

कोऱ्या कागदाचा स्कॅन इथे फारसा कामाचा नाही. स्कॅनरचा दिवा एका बाजूने उजेड टाकतो, त्यामुळे स्कॅनमध्ये दिसतात त्या उंचवट्यांच्या सावल्या. उंची दिसत नाही. उंची पकडायची तर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, ती युक्ती करायची. रफ कागद घ्या, चारकोलची कांडी आडवी धरा आणि न दाबता सगळ्या कागदावर एकसारखी फिरवा. जिथे काळं लागलं तो उंचवटा, जिथे पांढरं राहिलं तो खळगा. हा एक स्कॅन तुम्हाला दोन्ही पोत देतो.

वापरायचं असं. या घासलेल्या पोताला वरची चार पायऱ्यांची कृती करा, मग लेव्हल्समध्ये काळं टोक ११० च्या आसपास आणि पांढरं टोक १४५ च्या आसपास ओढून त्याला चांगला करकरीत करा. तो उलटा करून रेघेच्या लेअरला मास्क म्हणून लावा. मास्कमध्ये पांढरं ते दिसतं, काळं ते झाकतं. म्हणजे उंचवट्यावर रेघ राहते, खळग्यात तुटते. पूर्ण ताकदीने लावलं तर रेघ फारच कुरतडल्यासारखी होते, म्हणून मास्क थोडा सौम्य करून घ्या. मग तोच पोत न उलटवता वॉशच्या लेअरलाही मास्क म्हणून द्या. तिथे खळग्यात रंग जाड बसेल आणि उंचवट्यावर विरळ. हा मास्क रेघेपेक्षा बराच हलका ठेवा, कारण वॉश उंचवट्यावर पातळ होतो, नाहीसा होत नाही. दोन्ही मास्क एका जागी, एका मापात असायला हवेत. एक पिक्सेलही सरकवू नका. रेघ जिथे तुटते नेमक्या त्याच खळग्यात रंग साचलेला दिसला की दोन्ही एकाच कागदावर आहेत असं डोळ्याला पटतं.

हेच ब्रशमध्ये करायचं असेल तर ब्रशचा दाणा कॅनव्हासला बांधलेला असला पाहिजे. प्रोक्रिएटमध्ये ग्रेनचे 'मूव्हिंग' आणि 'टेक्स्चराइज्ड' असे दोन प्रकार आहेत. मूव्हिंगमध्ये दाणा रेघेबरोबर ओढला जातो, टेक्स्चराइज्डमध्ये तो जागेवर राहतो. कागदाचा आभास हवा असेल तर दुसरा. मूव्हिंग वाईट नाही, कुंचल्याच्या केसांचे ओरखडे दाखवायला तोच लागतो. फक्त कागद जागचा हलत नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

गेरूबद्दल थोडं, कारण तो फार छळतो

दिवाळीत रांगोळीखाली अंगण रंगवायला आणतो तोच गेरू मी वापरते. पहिल्यांदा नुसता पाण्यात कालवून कागदावर फासला, वाळल्यावर स्कॅनरवर पालथा घातला. पुढचे चार स्कॅन चारही वेगळ्या कागदांचे होते, पण प्रत्येकात वरच्या उजव्या कोपऱ्यात तेच सात ठिपके. मी ते 'छान नैसर्गिक पोत' म्हणून वापरलेही. नंतर काच बघितली तर त्यावर गेरूची भुकटी. नुसता गेरू वाळला की पूड होऊन सुटतोच. पाण्यात डिंक विरघळवून त्यात कालवला तर धरून राहतो. वाळल्यावर बोट फिरवून बघा. बोटाला लाल लागलं तर काचेवर ठेवू नका, वरून फोटो काढा. आणि काचेवर पूड पडलीच तर कोरड्या फडक्याने घासू नका, आधी फुंकणीने उडवा. गेरू म्हणजे लोहाच्या खनिजाची माती, ती काचेवर रगडली की चरे पडायची भीती.

वारली पद्धतीची पांढरी रेघ डिजिटलमध्ये काढणाऱ्यांचीही तक्रार असते की ती प्लास्टिकची वाटते. इथे पोताआधी रंग बघा. तांदळाचं पीठ आणि पाणी यांची रेघ कधीच २५५ ची पांढरी नसते. ती किंचित पिवळसर असते, आणि जिथे पातळ पडते तिथे खालचा गेरू डोकावतो. ओली असताना ती जेमतेम दिसते, वाळताना पांढरी होत जाते. आणि चावून कुंचा केलेल्या बांबूच्या काडीने काढली तर तिची जाडी सारखी राहत नाही. मी लाल २३५, हिरवा २२५, निळा २०५ असा रंग घेते, आणि स्टायलसच्या दाबाने रेघेची जाडी बदलू न देता अपारदर्शकता बदलू देते. जाडीतला चढउतार हाताने काढते, तो दाबाने आणला की कॅलिग्राफीसारखा दिसतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची मूळ कामं कुठे बघायला मिळाली तर आकृत्यांच्या आधी त्यांची जमीन आणि तिच्यावर बसलेली पांढरी रेघ जवळून बघा. पोताचा तेवढा मोठा धडा माझ्या माहितीत नाही. बाकी कुणाच्या भिंतीवरच्या आकृत्या स्कॅन करून आपल्या चित्रात चिकटवू नका. वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि ते नसतं तरीही ते बरं दिसलं नसतं. पोत तुमच्या अंगणातही मिळतो.

सांधा, माप आणि छपाई

पोत फरशीसारखा जोडताना सांधा दिसत असेल तर फोटोशॉपमध्ये 'ऑफसेट' फिल्टरने कडा मधोमध आणा आणि क्लोन ब्रशने बुजवा. क्रिटात त्याहून सोपं आहे: कीबोर्डवर डब्ल्यू दाबा, चित्र चारी बाजूंना आपोआप पुन्हा दिसू लागतं आणि सांध्यावर थेट रंगवता येतं. (क्रिटा हे नाव स्वीडिश भाषेतल्या खडूवरून आलंय, आणि महाभारतातल्या 'कृत'चाही त्याला आधार आहे असं ते बनवणारे सांगतात. आपल्या विषयाला इतकं साजेसं नाव दुसरं नसेल.) पण सांधा बुजला तरी पुनरावृत्ती उरते. हातकागदात एखादी पाकळी किंवा जाड धागा असेल तर तो दर हजार पिक्सेलला हजेरी लावतो. असे ठळक डाग आधी काढून टाका आणि शेवटी हवे तिथे एकेक करून हाताने ठेवा. माझं मत विचाराल तर फरश्या जोडूच नका. मोठा कागद दोन तुकड्यांत स्कॅन करून एकदाच जोडा, कटकट संपली.

माप बहुतेकांचं चुकतं. पोत ३०० डीपीआयला स्कॅन केला आणि चित्र १५० चं असेल, तर दाणा दुप्पट मोठा दिसतो आणि ए-४ चं चित्र पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढून मोठं केल्यासारखं वाटतं. मला कधीकधी तेच हवं असतं, पण ते ठरवून व्हावं. उलट, ए-४ चं पान ३०० डीपीआयला २४८० पिक्सेल रुंद असतं. ते इंस्टाग्रामसाठी १०८० वर आणलं की ६ पिक्सेलचा दाणा अडीच पिक्सेलचा होतो आणि जेपेग त्याचा भुसा करून टाकतं. स्क्रीनसाठी दाणा मोठा करून वेगळी फाइल काढा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर संपादकांना पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पोत उलटासुलटा फिरवताना एक बघा. कागदाच्या सावल्या वरून येणाऱ्या उजेडाच्या असतील तर उंचवटा उंचवटा दिसतो. तोच पोत १८० अंशांत फिरवला की डोळा उंचवट्यांना खड्डे समजतो, कारण उजेड वरून येतो असं तो गृहीत धरतो. चित्रातला दिवा किंवा सूर्य ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला पोताचा उजेड ठेवा. चारकोल घासून काढलेल्या पोताला ही भानगड नाही, त्यात सावल्याच नसतात.

छपाईत कापडी पोत त्रास देतात. खादी, गोणपाट, कॅनव्हास यांची वीण नियमित असते आणि छपाईचे ठिपकेही नियमित असतात. दोन्ही एकमेकांवर आले की पाण्यावर तरंग उठावेत तशी नक्षी उमटते. कापड पाच-सात अंशांनी तिरकं करून बघा, नाही गेलं तर वीण मोठी करा किंवा तिचा कॉन्ट्रास्ट कमी करा. मॅपलिथोवर, म्हणजे चकचकीत नसलेल्या साध्या छपाईच्या कागदावर, शाई पसरते, मधल्या छटा स्क्रीनपेक्षा गडद येतात. तिथे पोत स्क्रीनवर 'थोडा कमीच वाटतोय' इतपत ठेवा. चेहरे आणि हात यांच्यावरून पोताचा मास्क मी मऊ ब्रशने निम्मा पुसते, सगळा नाही. सगळा पुसला की चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

अजूनही मळकट येत असेल तर करड्या लेअरचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठली छटा किती आहे ते दाखवणारा आलेख, उघडा. डोंगर बरोबर मध्ये, १२८ च्या आसपास हवा. डावीकडे कललेला असेल तर लेव्हल्सचा मधला काटा डावीकडे ओढून डोंगर मध्यावर आणा. माझ्या दहातल्या नऊ फाइली तेवढ्याने सुधारतात. दहावीत बहुतेक वेळा जुना मल्टिप्लायचा लेअर बंद करायचा राहिलेला असतो.